३,२२९ पैकी दोन : जॉन रँकिन यांना खुले पत्र

श्री. जॉन इलियट रँकिन,
माजी सदस्य, अमेरिकेचे प्रतिनिधीगृह,
मुक्काम टुपेलो, मिसिसिपी

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम नमस्कार’ लिहायची आमच्याकडे रीत आहे. ती आज मी मोडते आहे. तुमच्याबद्दल माझ्या मनात प्रेम नाही, आणि खोट्या शब्दानं पत्राला सुरुवात करायची नाही. कागदावर एकही खोटा शब्द न लिहिता माणसाला कसं लुबाडता येतं, हे १९४४ साली तुम्ही जगाला दाखवून दिलंत. त्याबद्दलच लिहायचं आहे.

तुम्ही १९६० च्या नोव्हेंबरात गेलात. गेलेल्या माणसाला बोलू नये, असं आमच्याकडे म्हणतात. पण तुम्ही करून ठेवलेली गोष्ट तुमच्याबरोबर गेली नाही. ती लोकांच्या घरात, खरं तर लोकांच्या नसलेल्या घरात, अजून आहे.

आधी माझा यात काय संबंध, ते सांगते. माझे आजोबा सातारा जिल्ह्यातले. मराठा पलटणीतून इटलीत लढून आले. येताना पत्र्याच्या ट्रंकेतून जे किडूकमिडूक आणलं, त्यात एक जाड, बोजड चमचा होता; दांड्यावर ‘यू. एस.’ अशी अक्षरं ठोकलेली. एका काळ्या अमेरिकन शिपायानं तो त्यांना दिला होता. १९४४ च्या डिसेंबरात सेर्किओच्या खोऱ्यात जर्मनांनी अमेरिकेच्या ९२व्या डिव्हिजनवर हल्ला चढवला. ती काळ्या सैनिकांची डिव्हिजन. तिच्या मदतीला आपली ८वी इंडियन डिव्हिजन धाडली गेली आणि तिच्यात मराठ्यांची पलटण होती. त्याच हल्ल्यात, २६ डिसेंबरला, सोमोकोलोनिया नावाच्या गावात लेफ्टनंट जॉन फॉक्स या काळ्या अधिकाऱ्यानं जर्मन पार अंगावर आलेले पाहून आपल्याच तोफखान्याला स्वतःच्या ठिकाणावर गोळे टाकायला सांगितलं. त्याला सर्वोच्च पदक मिळालं १९९७ साली. मेल्यावर बावन्न वर्षांनी. तोवर दुसऱ्या महायुद्धातल्या एकाही काळ्या सैनिकाला ते मिळालेलं नव्हतं.

आजोबांनी चमचा शेवटपर्यंत वापरला. अमेरिकेच्या सरकारनं परत आलेल्या शिपायांना कॉलेजची फी दिली, घराला कर्ज दिलं, हे त्यांनी कुठल्याशा साहेबाकडून ऐकलं होतं आणि त्याचं त्यांना फार अप्रूप होतं. जेवता जेवता एखाद्या दिवशी चमच्याकडे बघून म्हणायचे, “त्याला बी मिळालं असंल न्हवं घर?” आम्ही मुलं म्हणायचो, मिळालं असणार. आम्हाला काय माहीत? नंतर मी वाचत गेले आणि दर वेळी वाट येऊन थांबली ती तुमच्या दारात.

तुमचा पहिला गुन्हा उघड्यावर झाला, म्हणून आधी तो. परतणाऱ्या सैनिकांसाठी तो मोठा कायदा, लोक ज्याला ‘जी. आय. बिल’ म्हणतात, त्याचा कच्चा मसुदा अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेच्या हॅरी कोल्मेरींनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात बसून लिहिला. सैनिकांच्या कायद्यांची समिती प्रतिनिधीगृहात तुमच्या ताब्यात होती. त्या मसुद्यात बेकारभत्ता होता : काम मिळेपर्यंत आठवड्याला वीस डॉलर, जास्तीत जास्त बावन्न आठवडे. तो तुमच्या घशाखाली उतरेना. का, ते तुम्ही लपवलंही नाहीत. मिसिसिपीतले पन्नास हजार काळे सैन्यात आहेत, पैसे मिळाले तर बहुतेक जण वर्षभर कामाला हात लावणार नाहीत, असं तुम्ही लिहून कळवलंत. म्हणजे कापसाच्या शेतात कवडीमोलानं राबणारे हात आठवड्याला वीस डॉलर मिळाल्यावर वाकायचे नाहीत, ही तुमची भीती. माणूस युद्धावरून जिवंत परत येतोय याची काळजी नाही. तो परत येऊन ताठ उभा राहील याची काळजी.

मग दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत विधेयक अडकलं. प्रतिनिधीगृहाचे सदस्य तीन विरुद्ध तीन. सातवे, जॉर्जियाचे जॉन गिब्सन, आजारपणामुळे घरी. त्यांनी आपलं मत लेखी सोपवून ठेवलं होतं. ते मोजायला तुम्ही नकार दिलात. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरून तीन दिवस झाले होते. तिथे वाळूत मुलं मरत होती आणि इकडे तुम्ही एका आजारी माणसाचं मत अडवून बसला होतात. लीजनच्या लोकांनी रात्रीतून गिब्सनना शोधून काढलं, गाडीत घालून फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला आणलं, तिथून विमानानं वॉशिंग्टनला. १० जूनच्या सकाळी ते बैठकीत येऊन उभे राहिले आणि कोंडी फुटली. २२ जून १९४४ ला रुझवेल्टनी सही केली.

इथं तुमची हार झाली असं लोक लिहितात. मला तसं वाटत नाही. जे तुम्हाला खरोखर हवं होतं, ते तोवर कायद्याच्या आत जाऊन बसलं होतं.

रँकिन, तुम्ही हुशार होतात. हे मी मनापासून म्हणते. मूर्ख माणसाच्या हातून एवढं नुकसान होत नाही. त्या कायद्यात काळा-गोरा असा शब्द नाही. कोणीही वाचावा, प्रत्येक सैनिकाला सारखा हक्क. तुम्ही आणि तुमच्या दक्षिणेतल्या मंडळींनी फक्त एवढंच पाहिलंत, की हक्क वॉशिंग्टननं द्यावा आणि त्याची किल्ली गावाकडे राहावी. कॉलेजात कोणाला घ्यायचं ते कॉलेज ठरवील. राज्याच्या शिक्षणसंस्थांवर केंद्राच्या कोणत्याही खात्यानं देखरेख ठेवायची नाही, असं कायद्यात लिहिलेलंच आहे. बेकारभत्त्याचा कारभार राज्याच्या कचेऱ्यांकडे. आणि घराचं कर्ज? ते सरकार देतच नव्हतं. कर्ज देणार बँक. सरकार त्यातल्या निम्म्या रकमेला, सुरुवातीला दोन हजार डॉलरपर्यंत, हमी राहणार. व्याज चार टक्क्यांच्या आत. सरकारची हमी खिशात घेऊन शिपायानं आपल्या गावच्या बँकेची पायरी चढायची. काउंटरपलीकडे कोण बसलंय, हे तुम्हाला पक्कं माहीत होतं. तो तुमचाच मतदार होता. काळ्यांना तर मिसिसिपीत मतदान करू दिलं जात नव्हतं, आणि सैनिकांना केंद्राकडून मतपत्रिका द्यायचा विषय निघाला तेव्हा आडवे पडणारेही तुम्हीच.

१९४७ च्या उन्हाळ्यात ‘एबनी’ मासिकानं मिसिसिपीतल्या तेरा शहरांत चौकशी केली. सैनिकांना हमीवर मिळालेली घरांची, धंद्याची आणि शेतीची कर्जं मोजली. एकूण ३,२२९. त्यातली काळ्या सैनिकांना गेलेली : दोन.

मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक वाटली. दोनशे असेल, शून्यं गळली असतील. नाही. दोनच. त्या राज्यात जवळजवळ निम्मी वस्ती काळ्यांची होती. त्या दोघांचाही मी पुष्कळ विचार करते. एखाद्या बँकेतला एखादा माणूस त्या दिवशी नियमाप्रमाणे वागला असेल. बाकी ठिकाणी कोणालाही कायदा मोडावा लागला नाही. फॉर्म घेतला, बाजूला ठेवला, ‘त्या वस्तीत आम्ही कर्ज देत नाही’ म्हटलं, झालं. कोर्टात जायला गुन्हाच शिल्लक नाही. गुन्हा इतका नीटनेटका करणारा माणूस विरळा.

नोकऱ्यांचंही तेच. १९४६ च्या ऑक्टोबरपर्यंत मिसिसिपीच्या रोजगार कचेऱ्यांनी शेतीबाहेरच्या कामांवर साडेसहा हजार माजी सैनिक लावले. कसबी आणि निमकसबी कामांतल्या ८६ टक्के जागा गोऱ्यांना. बिनकसबी कामांतल्या ९२ टक्के काळ्यांना. ज्यानं लष्करात ट्रक चालवला, इंजिन उघडून जोडलं, तारायंत्र हाताळलं, त्याला गावी आल्यावर झाडू. आणि दिलेलं काम नाकारलं की भत्ता बंद.

शिक्षणाबद्दल मात्र मला तुमच्याशी जरा निवांत बोलायचं आहे, कारण तिथं तुमची स्वतःची शाळा येते. फी वर्षाला पाचशे डॉलरपर्यंत सरकार भरणार, वर एकट्या माणसाला महिन्याला पन्नास डॉलर खर्चाला. त्या काळात एवढ्या पैशात मोठमोठ्या विद्यापीठांचं वर्ष निघत होतं. बावीस लाख सैनिक या कायद्यानं कॉलेजात गेले. शेतकऱ्यांची, खाणकामगारांची मुलं इंजिनियर झाली, डॉक्टर झाली. अमेरिकेचा मध्यमवर्ग यातून उभा राहिला आणि ते खरोखर मोठं काम होतं. माझ्या आजोबांना त्याचं अप्रूप वाटलं ते उगीच नाही. पण दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या विद्यापीठांत काळ्याला दार बंद. काळ्यांसाठी राखलेली कॉलेजं थोडी, लहान, आणि पिढ्यान्‌पिढ्या सरकारनं पैशावाचून सुकवलेली. जागा नाहीत, वसतिगृहं नाहीत. अशा सुमारे वीस हजार काळ्या सैनिकांना कॉलेजांनी परत पाठवलं, असा अंदाज आहे. हातात सरकारचं पत्र, फी भरायला सरकार तयार, आणि बसायला बाक नाही.

तुम्ही १९१० साली मिसिसिपी विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलीत. मेडगर एव्हर्स हे नाव तुम्हाला आवडायचं नाही, तरी ऐका. तुमच्याच राज्यातल्या डिकेटर गावचा मुलगा. सैन्यात गेला, नॉर्मंडी, फ्रान्स पाहून आला. २ जुलै १९४६ ला त्याला एकवीस वर्षं पूर्ण झाली, आणि त्याच दिवशी भावाबरोबर आणि मित्रांबरोबर तो मत द्यायला गावच्या कोर्टाच्या इमारतीकडे गेला. वाटेत गोरे उभे, हातात बंदुका. ज्या पोरांनी जर्मनांसमोर पाय मागे घेतला नाही, ती त्या दिवशी मत न देता घरी परतली. पुढे सैनिकाच्या सवलतीवर तो काळ्यांच्या अल्कॉर्न कॉलेजात शिकला. म्हणजे सगळ्याच वाटा तुम्हाला बुजवता आल्या नाहीत. १९५४ साली त्यानं तुमच्याच लॉ स्कूलमध्ये अर्ज केला. नाकारला. तेव्हा तुम्ही निवडणूक हरून दीड वर्षं टुपेलोत घरी होतात, धडधाकट होतात. एक शब्द तुम्हाला बोलता आला असता.

आणखी एक सैनिक, सार्जंट आयझॅक वुडर्ड. १२ फेब्रुवारी १९४६ ला जॉर्जियातल्या कॅम्प गॉर्डनमधून सन्मानानं सुटी मिळाली. अंगावर गणवेश, छातीवर फिती. साउथ कॅरोलायनातल्या विन्सबरोला बायको होती, तिच्याकडे जायला बसमध्ये बसला. वाटेत लघवीला जायचं म्हणून गाडी थांबवायला सांगितली, त्यावरून ड्रायव्हरशी शब्दाला शब्द झाला. बेट्सबर्ग गावात ड्रायव्हरनं पोलिसांना बोलावलं. पोलीसप्रमुखानं सोट्यानं मारलं आणि सोट्याचं टोक डोळ्यांत खुपसलं. दोन्ही डोळे गेले. सकाळी त्या आंधळ्या माणसाला कोर्टात उभं करून दंड केला. पोलीसप्रमुखावर खटला झाला तेव्हा गोऱ्या ज्यूरीला त्याला सोडायला अर्धा तास पुरला. आणि आंधळा झाल्यावर सरकारकडे गेला, तर डोळे नोकरीत गेलेले नाहीत, सुटीच्या कागदावर सही झाल्यानंतर काही तासांनी गेले, म्हणून पूर्ण अपंगत्वाचं पेन्शन नाही.

बेट्सबर्ग तुमच्या मतदारसंघात नव्हतं. तो सोटा मी तुमच्या हातात देत नाही. मी एवढंच विचारते, की असं गाव, असा पोलीस, अशी ज्यूरी डोळ्यांसमोर असताना तुम्ही त्याच गावाच्या हाती किल्ली दिलीत. गावाची तुम्हाला पुरती ओळख होती, म्हणून दिलीत.

उत्तरेतही काही फार वेगळं नव्हतं, हे तुम्ही म्हणाल त्याआधी मीच म्हणते. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन उभं राहिलं, सतरा हजारांवर घरं, बहुतेक परतलेल्या सैनिकांसाठी. त्यांच्या करारात सुरुवातीला कलम होतं, की गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथं राहायचं नाही. घरकामाचे नोकर तेवढे चालतील. तिथलं घर १९४९ साली ७,९९० डॉलरला होतं. आज त्याला काही लाख डॉलर पडतात. बापाला ते मिळालं असतं तर त्यावर पोराचं कॉलेज झालं असतं, पोराच्या धंद्याला तारण मिळालं असतं. घर म्हणजे नुसत्या भिंती नव्हेत, हे आमच्याकडे बँकेत सात-बारा घेऊन गेलेला कोणीही सांगेल. तुम्ही एका पिढीचं कर्ज अडवलंत, भोगताहेत तिसरी-चौथी.

आणि सरकारी पैशाची किंमत तुम्हाला ठाऊक नव्हती असं मुळीच नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. टेनेसी खोऱ्यातल्या विजेचा कायदा प्रतिनिधीगृहात तुम्ही नेलात. त्या योजनेची वीज पहिल्यांदा घेणारं शहर तुमचं टुपेलो, १९३४ साली. अंधाऱ्या झोपडीत दिवा लागला की माणसाचं आयुष्य किती पालटतं, हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गरिबाला सरकारनं हात दिला की तो कसा उभा राहतो, हे ज्याला पक्कं कळलं होतं, त्यानंच तो हात ठरवून अर्ध्या लोकांना मिळू दिला नाही.

मी इतक्या लांबून हे ओळखते, कारण आमच्या मातीत हे नवं नाही. पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या रामजी सकपाळांचा मुलगा सातारच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसायचा. बापानं राज्यकर्त्यांची चाकरी केली, शाळा सरकारी, आणि मुलाला पाणी वरून ओतायचं. सरकार नियम करायचं. ओसरी कोणाची आणि बाक कोणाचा, हे गाव ठरवायचं. त्याच मुलानं, डॉ. आंबेडकरांनी, १९४६ साली तुमच्या देशातले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज केला होता, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. वुडर्डचे डोळे गेले त्याच वर्षी. समुद्र ओलांडून दोन माणसांना एकमेकांचं दुखणं न सांगता कळलं.

वुडर्ड १९९२ साली गेला. त्याच्या आणि सार्जंट जोसेफ मॅडॉक्सच्या नावाचं एक विधेयक २०२१ साली तुमच्या संसदेत मांडलं गेलं : तेव्हा नाकारलेल्या काळ्या सैनिकांच्या वारसांना आता तरी घराचं कर्ज आणि शिक्षणाचा खर्च द्या. २०२३ साली पुन्हा मांडलं. मॅडॉक्सला हार्वर्डनं प्रवेश दिला होता. फी द्यायची म्हटल्यावर सैनिकांच्या खात्याच्या कचेरीनं नाही म्हटलं, पायंडा पडेल म्हणून.

आजोबांना मी शेवटी काय सांगायचं होतं? त्या चमच्याच्या मालकाचं नाव त्यांना आठवत नव्हतं, गावही माहीत नव्हतं. तो शिकागोला परतला असेल तर काहीतरी मिळालं असेल. मिसिसिपीत परतला असेल तर ३,२२९ मधल्या त्या दोघांपैकी तो एक असावा, एवढीच आशा. आजोबा होते तोवर मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर जेवणाच्या ताटावर सांगवलं नसतं.

पुढे काळ्यांच्या हक्कांसाठी लढलेल्या मेडगर एव्हर्सचं घर मात्र आपल्याला पाहता येतं. जॅक्सन शहरात आहे. त्या घराला रस्त्याकडे तोंड करून दार नाही. शेजारच्या सगळ्या घरांना आहे, त्याच्या घराला नाही. दार बाजूला, गाडी लावायच्या छपराखाली ठेवलं, म्हणजे आत-बाहेर करताना रस्त्यावरून कोणाला नेम धरता येऊ नये. मुलांना गोळीचा आवाज आला की जमिनीवर आडवं व्हायला शिकवलं होतं. १२ जून १९६३ ला मध्यरात्रीनंतर तो गाडीतून उतरला आणि दारापर्यंत पोचायच्या आत समोरच्या झाडीतून पाठीत गोळी लागली. मारणारा बायरन डे ला बेकविथ हाही त्याच महायुद्धातला माजी सैनिक, तारावाच्या लढाईत जखमी झालेला. त्याला शिक्षा व्हायला १९९४ उजाडलं. एव्हर्सला आर्लिंग्टनला सैनिकी इतमामानं पुरलं.

घर आता राष्ट्रीय स्मारक आहे. लोक येतात, आधी समोरून दार शोधतात, मग वळसा घालून बाजूला जातात.

मराठा पलटणीतल्या एका शिपायाची नात